टिटवाळ्याचा नवस

"बोललेला नवस अंगावर ठेवू नये गं, फेडून मोकळं व्हावं," वनमालाबाईंच्या सासूबाई नेहमी सांगायच्या.

वनमालाबाईंचा मुलगा माणिक सीमेवरच्या चौकीवर होता. 'गोळीबार थांबू दे, मुलुंडहून अनवाणी येईन,' असं त्या टिटवाळ्याच्या गणपतीला बोलल्या होत्या. शस्त्रसंधी झाल्याची बातमी रेडिओवर लागली, तशा त्या निघाल्याच. पण दारातच धाकटे दीर काशीराम आडवे आले. निवडणूक तोंडावर आली होती आणि ते साहेबांच्या प्रचारात होते.

"वहिनी, जवानाची आईच गोळीबार थांबला म्हणून नवस फेडायला निघाली, तर वाट लागेल ना आमची! साहेबांनी भाषणात बोलायचं काय? मतदान होऊ द्या, मग मीच नेतो तुम्हाला."

वनमालाबाई थांबल्या. त्याच संध्याकाळी नाक्यावरच्या सभेत साहेब गरजले, "असली शस्त्रसंधी आम्ही जुमानत नाही!" टाळ्या पार घरापर्यंत ऐकू आल्या. सीमेपलीकडच्या पुढाऱ्यांनाही आपापल्या सभांत टाळ्या हव्याच होत्या. मतदानाच्या आधीच गोळीबार पुन्हा सुरू झाला, आणि माणिक गेल्याची तार आली.

दिवसकार्य आटोपल्यावर एका सकाळी वनमालाबाईंनी पिशवीत नारळ घातला, दूर्वांची जुडी ठेवली. काशीरामांना हुंदका आवरेना. "वहिनी, आता कसला नवस फेडताय? आपलं पोरगंच राहिलं नाही."

 

"देवानं थांबवला होता ना गोळीबार, भावोजी," त्या हळूच म्हणाल्या आणि अनवाणी जिना उतरू लागल्या.