बद्द वाजणारे कप

"कप पुन्हा माती होतो, हे याला पटत नाहीये," कॉम्प्युटरवाला पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"माणसाची होते, मग कपाची का नाही?" मालकीणबाई म्हणाल्या. "लिही तसं."

कपबशांचा हा कारखाना त्यांना सासऱ्यांकडून मिळाला होता. सोबत सासऱ्यांची नोंदवहीही मिळाली होती, पण ती फक्त सासऱ्यांनाच वाचता यायची. म्हणून त्यांनी हे सॉफ्टवेअर आणलं. ते आतून उघडं होतं, हवं तसं बदलता यायचं, आणि फुकट होतं. बसवणारा तेवढा फुकट नव्हता.

चांगल्या कपांचा प्रश्न नव्हता. आत माती, बाहेर कप, संपलं. घोळ बाकीच्या मालाचा होता. कडा कापताना निघणारी माती हौदात परत जायची. ओला कप वाकडा झाला तर तोही हौदात जायचा. पण भट्टीतून निघालेला कप नापास झाला, तर त्याची कुटून भुकटी करावी लागायची. कॉम्प्युटरला ही दोन मरणं वेगवेगळी लिहून हवी होती.

"भाजलेला कप नापास कोण करतं?"

"मामा," बाई म्हणाल्या. "त्यांचा कान म्हणजे कान आहे!"

मामा शेडच्या मधोमध बसायचे. कप डाव्या हातावर घ्यायचा आणि लाकडी काठीनं एक टोला द्यायचा. ठण्ण वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडच्या खोक्यात. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही, पण आवाजात कळते. शंभरात आठ-नऊ कप खोक्यात जायचे. बाजारातून मात्र आजवर एकही कप परत आला नव्हता.

कॉम्प्युटरवाला त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मामा, कप नापास केला की कारण सांगावं लागेल."

मामांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "बद्द."

"ते झालंच हो. पण जरा सविस्तर?"

"बद्द," मामा म्हणाले आणि त्यांनी पुढचा कप उचलला.

त्यानं कारणाच्या रकान्यात 'बद्द' असं लिहिलं. सॉफ्टवेअरनं हरकत घेतली नाही.

मामांच्या समोरच्या टेबलावर मामी ओल्या कपांना कान चिकटवायच्या. काम करताना मध्येच त्यांची मान नकारार्थी हलायची. "मामी, नाही म्हणताय कुणाला?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "नवऱ्याला!" सगळी शेड हसायची. मामासुद्धा हसायचे, फक्त सगळ्यांच्या मागून.

घोटाळा खोक्यात सापडला. मामींच्या हातून मोडलेले ओले कान आणि मामांचे नापास कप एकाच खोक्यात पडत होते. हौदात काय जायचं आणि कुटायला काय, याचा मेळच लागत नव्हता.

"उपाय सोपा आहे," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "ओलं काम भिंतीपलीकडे, भाजलेला माल इकडे. मामींचं टेबल मागच्या खोलीत हलवा."

"मी नाही हलणार," मामी म्हणाल्या.

"का हो?"

मामींनी ओले हात फडक्याला पुसले. "यांच्या समोर बसायची सवय आहे मला."

"अगं बाई!" मालकीणबाईंना हसू आवरेना. "सून आली घरात, तरी नवरा समोर लागतो?"

मामी लाजल्या नाहीत. दोनदा काही बोलायला गेल्या आणि पुन्हा फडक्याला हात पुसू लागल्या. दुपारी टेबल हललं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलं : नापास, शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. आठवडाभर काठीचे टोले पडत राहिले आणि खोकं रिकामंच राहिलं.

"नोंद ठेवली की काम सुधारतं," कॉम्प्युटरवाला म्हणाला. बाईंनी त्याला कपांचा एक अख्खा जोड भेट दिला. मामा मात्र रोज भरलेला डबा तसाच घरी नेत होते.

तिसऱ्या आठवड्यात एका मोठ्या हॉटेलातून गाडीभर माल परत आला. चहा कपातून बशीत आणि बशीतून गिऱ्हाइकांच्या मांडीवर गळत होता. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, पुन्हा असं झालं तर तुमचा माल कायमचा बंद. कॉम्प्युटरवाल्याच्या घरचा जोडही गळत होता, पण तो बोलला नाही.

बाईंनी मामांना खोलीत बोलावलं. त्या खिडकीशी, पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"मामीला हलवलं म्हणून रुसलात? रुसायचं तर माझ्यावर रुसा, मालावर कशाला राग काढता? सासऱ्यांच्या वेळेपासूनचं नाव घालवलंत! आहे काही उत्तर?"

मामा बाईंच्या पाठीकडे बघत उभे राहिले.

"बघा, तोंडातून शब्द नाही," कॉम्प्युटरवाला हळूच म्हणाला. "मुद्दाम केलंय."

बाई गर्रकन वळल्या. "उद्यापासून येऊ नका."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी मान डोलावली, खिशातली काठी काढून टेबलावर ठेवली आणि ते दाराकडे वळले. दारात मामी उभ्या होत्या, कोपरापर्यंत मातीनं भरलेल्या.

"काढायचं तर मला काढा, बाई," मामी म्हणाल्या. "माती दळायच्या चक्कीवर यांचे कान जाऊन बारा वर्षं झाली. हे नुसते वाजवायचे, ऐकायचे मी."