पगारी माणूस

"कुणी विचारलं तर सांगायचं, मी इथे पगारावर आहे," एलिसेओ पुन्हा एकदा म्हणाला आणि दारात जाऊन रस्त्याकडे बघून आला.

कर खात्याची बाई सकाळीच येते म्हणाली होती. आता उन्हं डोक्यावर आली होती. मारिकिना शहरातल्या त्या गल्लीतल्या इतर चांभारांनी जेवणासाठी हातोड्या खाली ठेवल्या होत्या. एलिसेओनं मात्र सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. काउंटर पुसलेला होता, तो त्यानं परत पुसला. मांडणीवरचे बूट सरळ होते, ते त्यानं उगीचच हलवले.

त्याची आई, सोर्सिंग, खिडकीजवळच्या यंत्रावर बायकांच्या सँडलचा पट्टा शिवत होती. पाय चालूच ठेवून तिनं विचारलं, "मी आणि पगारावर? कुणाच्या?"

"माझ्या. कागदावर गं फक्त. तुझा पगार खर्चात दाखवलाय. खर्च वाढला की कर कमी बसतो."

"म्हणजे गोंद, खिळे आणि मी."

"आई, आज नको ना! ती आली की काय विचारेल सांगता येत नाही. हा खर्च तिनं नाकारला तर दंडासकट भरावं लागेल. मग हे यंत्र विकायचं का आपण?"

सोर्सिंगनं यंत्रावरून हात फिरवला.

तेवढ्यात दारात कर खात्याची मिस अब्रेनिका उभी राहिली. वयानं लहान, घामानं डबडबलेली, हातात जाड फाइल. उशीर झाल्याबद्दल तिनंच माफी मागितली. एलिसेओनं धावत जाऊन पंखा तिच्याकडे वळवला, कलामान्सी लिंबाचं सरबत पुढे केलं. ते तिनं नम्रपणे बाजूला सारलं. चामड्याची बिलं झाली, विजेची झाली, भाड्याची झाली. पोरगी मुकाट्यानं खुणा करत होती आणि प्रत्येक खुणेसरशी एलिसेओचा एकेक श्वास मोकळा होत होता.

मग तिची पेन्सिल थांबली. "या कोन्सोर्सिया कोण?"

"माझी आई. सोर्सिंग म्हणतात तिला सगळे. इथेच काम करते. ती बघा ना, आत्तासुद्धा करतेय."

"त्यांच्याशी बोलू?"

एलिसेओ सोबत निघाला, तशी ती म्हणाली, "तुम्ही थांबा इथेच." तो काउंटरपाशी थांबला. पण पाय काही एका जागी ठरेनात.

मिस अब्रेनिकानं एक स्टूल ओढलं आणि म्हातारीच्या शेजारी बसली. "आजी, तुम्ही इथे काम करता?"

"करते की."

"पगार मिळतो?"

"मिळतो."

"हातात?"

सोर्सिंगनं लेकाकडे बघितलं. तो काउंटरची कड घट्ट धरून उभा होता, कपाळावरचा घामही पुसत नव्हता. लहानपणी ताप चढला की असाच दिसायचा.

"हातात," ती म्हणाली आणि पट्ट्याचा दोरा दातानं तोडला.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षापासून."

पढवलेलं सगळं संपलं होतं. एलिसेओनं डोळे मिटले. मिस अब्रेनिकानं खूण केली, उठली, आणि उठता उठता, फाइलीसाठी नव्हे, अशीच आपुलकीनं म्हणाली, "शिलाईवरून हात जुना वाटतो तुमचा, आजी. त्याआधी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच होते, बाई."

"इथेच? काय म्हणून?"

"त्याआधी मालकीण होते."

पोरगी हसली. मग म्हातारी हसत नाहीये हे तिच्या लक्षात आलं. तिनं एकदा एलिसेओकडे बघितलं, एकदा फाइलीकडे. पेन्सिल काही वेळ तशीच हातात राहिली. यंत्रावर बसलेली बाई खरी होती, शिवलेले पट्टेही खरे होते. "ठीक आहे," ती शेवटी हळूच म्हणाली. "खर्च मान्य." जाताना तिनं म्हातारीचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतला.

ती कोपऱ्यावरून वळली तरी एलिसेओ दारातच उभा होता. सुटलो, असं मोठ्यानं ओरडावं असं सकाळपासून मनात होतं. आता ओरडवेना. "आई, जेवून घेऊ या ना," तो म्हणाला. यंत्राच्या खडखडाटात ते तिला ऐकू गेलं नसावं. त्यानं परत म्हणून बघितलं नाही, काउंटरमागे जाऊन उभा राहिला.

पलीकडच्या बाजारातली पासिता छत्री मिटत आत आली. नेहमीचं गिऱ्हाईक. मांडणीवरून तिनं लाल सँडलचा जोड उचलला, उलटा करून तळ दाबून बघितला आणि नेहमीप्रमाणे काउंटर ओलांडून थेट खिडकीकडे गेली.

"सोर्सिंग, उगीच ताणू नकोस हं. या जोडाचं शेवटचं काय ते बोल."

सोर्सिंगनं मान वर केली नाही. दोन्ही हात शिलाईवर तसेच ठेवून तिनं फक्त ओठ पुढे काढले आणि बोटानं दाखवावं तसं काउंटरकडे, एलिसेओकडे दाखवलं.