युवराजांची उडी

"...आणि याच खिडकीतून युवराजांनी उडी घेतली," आकांक्षा खिडकीकडं बोट दाखवत म्हणाली.

राजेवळणच्या महालाचा इतिहास तिला तोंडपाठ होता. महाल बांधणारे पहिले राजे, हैदराबादेहून झुंबरं आणणारे दुसरे, घोड्यांच्या नादात निम्मी जहागीर उडवणारे तिसरे. आलेल्या लोकांना ती हसतखेळत फिरवायची. पण वरच्या या खोलीत तिचं हसू मावळायचं. राज्य गेलं तरी चौथ्या राजांची ऐट गेली नव्हती. मुलाचा मेंढपाळाच्या पोरीवर जीव जडला, म्हणून त्यांनी त्याला इथं कोंडून ठेवलं होतं.

आज तर तिला बोलणंच जड जात होतं. सकाळीच तिनं करणला फोनवर सांगून टाकलं होतं, "आपलं जमणार न्हाई." करण जालन्याच्या एमआयडीसीत कामाला, मेंढपाळाच्या घरातला. तिचे वडील रामराव मोठे बागाईतदार. अशा गोष्टीचा शेवट काय होतो, ते ती रोज इथंच उभी राहून सांगत होती.

"युवराज जागीच गेले." तिनं कसंबसं संपवलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मागून कुणीतरी फसकन हसलं. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी पोट धरून हसत होती.

"आजी, यात हसण्यासारखं काय आहे?" आकांक्षा चिडली.

"अगं पोरी, खाली मीच उभी व्हते! साऱ्या मेंढरांची लोकर आणून ढीग लावल्ता. युवराजांना खरचटलं बी न्हाई. महालाची अब्रू जाईल म्हून थोरल्या राजांनी पोरगा मेला म्हून सांगितलं."

म्हातारीनं खिडकीतून वाकून हाक दिली, "अवो युवराज! जल्दी वर या. तुमी मेल्याचं सांगून राह्यलेत हितं!"

धोतर सावरत, धापा टाकत एक म्हातारा दारात आला. सगळे त्याच्याकडं वळले.

"माझ्या तेराव्याला मी होतो की," तो म्हणाला. "घोंगडं पांघरून मागच्या पंगतीत बसल्तो. बुंदी बिलकुल ताजी होती."

खोलीत हशा उसळला. आकांक्षालाही हसू आवरेना.

"आजोबा, एवढा महाल सोडल्याचा पस्तावा न्हाई झाला कधी?"

"झाला की. पहिल्या दिवशी मेंढरं घेऊन उन्हात निघालो, तवा लई झाला." त्यानं म्हातारीकडं पाहिलं. "मंग हिनं भाकरीचं फडकं सोडलं. तितंच पस्तावा संपला."

लोक त्या दोघांना गराडा घालून हसत-बोलत जिना उतरले. आकांक्षा मागं थांबली. तिनं फोन काढला.

"करण, आज संध्याकाळी घरी ये. बाबांशी मी बोलते." खिडकीकडं बघत ती हसली, "आन हे बघ, समोरच्या दारानं ये."