लाल चौकटीतले काका

पडद्यावर पुन्हा लाल चौकट उमटली आणि वीज कंपनीच्या ऑपरेटर बाईने कपाळाला हात लावला. नदीकाठच्या टॉवरवर कॅमेरा बसवला होता आणि त्याचं सॉफ्टवेअर भलतंच चौकस होतं. विजेच्या तारांखाली उंच काही दिसलं, की ते चौकट काढून बोंब ठोकायचं. परवा त्याने बगळ्याला क्रेन ठरवलं होतं. आज मात्र त्याचं बरोबर होतं. तारांखाली हॅटवाले काका गळाची लांबलचक काठी उभी धरून बसले होते.

तिने टॉवरवरचा भोंगा सुरू केला. “काका, वर तारा आहेत. त्या पलीकडच्या खडकावर बसा बघू.”

काका मुकाट्याने खडकावर गेले. चौकट हिरवी झाली.

नियमाप्रमाणे सॉफ्टवेअर माणसांचे चेहरे पुसट करायचं. त्यामुळे काकांची ओळख हॅट आणि ढगळ कोटापलीकडे गेली नव्हती. पण गाठ रोजची. शिवाय ते काही बोलले तरी तिला ऐकू येण्याची सोय नव्हती. असा श्रोता घरी कुठे मिळणार? साहेब जागेवर नसले, की ती भोंग्यावर मन मोकळं करायची.

“काका, आम्हाला कंपनीचं क्वार्टर मिळतंय. उद्या होकार कळवायचाय, नाहीतर हातचं जाईल. पण सासूबाईंना सांगायचं कसं? वाईट नाहीत हो त्या. फक्त मी घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालतात, आणि माझ्या चहाला गरम पाणी म्हणतात. हल्ली रोज गुडघ्यांच्या व्यायामाला जातात, दमून येतात. त्यात मी हे सांगू?”

काकांची हॅट हलली. तिला धीर आला.

“तुमच्यासमोर तालीम करते. आई, आम्ही वेगळं राहायचं म्हणतोय. रागावू नका. दर रविवारी येऊ.” सासूबाईंना दुखवायचं तिच्या खरंच जिवावर आलं होतं.

काकांनी गळ पाण्याबाहेर ओढला. मग त्यांनी हात वर केला. तिने तो आशीर्वाद समजला.

संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. नवरा ऐन वेळी गच्चीवर सटकला. ती एकटीच पुढे झाली.

“आई, जरा बोलायचं होतं.”

“जा खुशाल क्वार्टरमध्ये,” सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. “फक्त तो भोंगा तेवढा हळू लाव. दिवसभरात एक मासा गळाला लागला नाही.”