सहावा धडा

लवळ्याच्या कॉलेजात स्पॅनिशची तोंडी परीक्षा होती. विषय होता 'माझा छंद'. तेजलला फक्त सहावा धडा पाठ होता आणि तो डोंगरकडे चढण्याच्या छंदावर होता. हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरही लिफ्टनं जाणाऱ्या तेजलनं दोर, गाठी, घसरलेला पाय असं सगळं घडाघडा सांगितलं. धड्याच्या शेवटचं "रविवारी येता का माझ्याबरोबर?" हेही ओघात बोलून गेली.

"अवश्य. मी दर रविवारी चढतो," परीक्षा घेणारे किशोर सर स्पॅनिशमध्येच म्हणाले. वर्गात मराठीला बंदी होती.

रविवारी सकाळी दोघं मुळशीतल्या एका कड्याखाली उभे होते. डोक्यावर नवीकोरी हेल्मेटं.

"आधी तुम्ही," तेजल स्पॅनिशमध्ये म्हणाली.

"छे, आधी तू," सर स्पॅनिशमध्ये म्हणाले.

अर्धा तास हेच चाललं. शेजारी शेरडं राखत बसलेल्या बाळाबाईंनी शेवटी विचारलं, "चढनार हाय कोन तुमच्यातलं?"

मग सरांनी हेल्मेट काढलं आणि पहिल्यांदाच तेजलशी मराठीत बोलले.

"ते 'दर रविवारी चढतो' आहे ना, ते शिक्षकांच्या पुस्तकात छापलेलं उत्तर आहे गं."