तिसरी ओळ

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, तालमीत आठ वर्षांची पिटुकली पियानोवर तिसऱ्या ओळीत पुन्हा अडखळली. संयोजकांनी तिच्या बाईंना बाजूला घेतलं. "ती ओळ गाळा. उगाच चारचौघांत शोभा व्हायची."

"वाजवेल तर अख्खं वाजवेल," बाई म्हणाल्या. महिनाभर त्या तेवढी एक ओळ घोटून घेत होत्या. आधी डावा हात, मग उजवा, मग दोन्ही, तेही मुंगीच्या पावलांनी. पण पिटुकलीला ती एकदाही सलग जमली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात तिची बोटं तिथंच अडकली. मागून कुणीतरी खुदकन हसलं. पिटुकलीने त्या बाजूला रोखून पाहिलं. मग तिने एकटा डावा हात वाजवला. मग उजवा. मग दोन्ही, अगदी सावकाश. मग पुन्हा.

"अहो, ही स्टेजवर सराव करतेय!" म्हणत संयोजक पडद्याच्या दोरीकडे धावले. बाई दोरीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "हात तर लावून बघा."

पाचव्या खेपेला ओळ सुरळीत वाजली. पिटुकली तिथून थेट शेवटापर्यंत गेली, उठली आणि टाळ्यांकडे ढुंकूनही न बघता विंगेत बाईंकडे आली.

"बाई, बसली ओळ! आता पहिल्यापासून वाजवून दाखवते त्यांना," ती म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत परत फिरलीसुद्धा.