सगळ्यांचा मामा

पाळणाघराच्या कॉम्प्युटरमधली माहिती नीट लावायला बसलेल्या बाईंचं डोकंच फिरलं. मुलाला न्यायला कोण येणार, या रकान्यात प्रत्येक मुलापुढे आईबाबांच्या जोडीला तेच: 'मामा. उंच. डावा हात खिशात.'

"अहो मावशी, एकच मामा सगळ्यांना चिकटवलात? कॉपी-पेस्ट करायलाही अक्कल लागते!"

"मी नाही हो," मुलं सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. "ज्याच्या त्याच्या आईनंच भरलंय."

"मग काय सगळ्या आया एकाच माहेरच्या?"

बाई तणतणत कामाला लागल्या. जागोजागी विखुरलेला मामा त्यांनी पुसला, वेगळ्या तक्त्यात एकदाच लिहिला, आणि सगळी मुलं त्याला जोडून टाकली.

शेवटचं बटण दाबलं आणि दारावरची बेल वाजली.

आतला गलका थांबला. झोपलेली मुलंसुद्धा उठून निमूटपणे बूट घालू लागली. त्यांच्यात बाईंची स्वतःची लेकही होती.

"आई, मामा आला."

"तुला कुठला गं मामा? मला भाऊच नाही!"

मावशींनी तोवर दार उघडलं होतं. उंबऱ्यातला उंच माणूस फक्त बाईंकडे बघत होता.

"बरं केलंस, ताई, मला एका जागी आणलंस," तो म्हणाला, आणि त्याने डावा हात खिशातून बाहेर काढला.